पाच ग्लास आणि पाचवं शील

प्रल्हादराव,

क्रिमेटोरियममध्ये त्या दिवशी तुमच्याबद्दल सहा जण बोलले. विहाराचं छत गळत होतं तेव्हा सत्तराव्या वर्षी तुम्ही शिडी लावून कसे वर चढलात, ते एकाने सांगितलं. तुमच्या वक्तशीरपणाचा विषय तिघांनी काढला आणि तिघांनीही ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला. तुम्ही असता तर घड्याळाकडे बघून घसा खाकरला असता. फॅक्टरीतला तुमचा जुना सोबती, तो उंच डेरेक, काळा सूट घालून आला होता. तो म्हणाला, "प्रालने आयुष्यात खराब वेल्ड पास केला नाही. माझासुद्धा नाही." सगळे हसले.

सगळं खरं होतं. पण तुम्हाला वाइनचा वास किती कळायचा, हे कोणीच सांगितलं नाही.

सातवा मी होतो. मी उठलो. समोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांची रांग दिसली, भंतेजी दिसले, कुसुमताई दिसल्या, आणि माझा धीर सुटला. ज्या माणसाने पन्नासहून जास्त वर्षं दारूचा थेंब घेतला नाही, त्याच्या शवपेटीपुढे उभं राहून ती गोष्ट सांगायची कशी? 'ते माझे साडू कमी आणि मोठे भाऊ जास्त होते,' असं काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. तुम्हाला ते वाक्य अजिबात आवडलं नसतं. साडू म्हणजे साडू, तुम्ही म्हणायचात. दोन बहिणींनी दोन वेगवेगळ्या वर्षी केलेल्या चुका. त्यात भाऊबिऊ आणू नका.

म्हणून आता लिहितोय. इथे मध्येच थांबवायला कोणी नाही.

तसं आपलं जमायचं. मी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात एक्स-रे काढायचो. तुम्ही बर्मिंगहॅमला डेअरीसाठी स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग तपासायचात. वेल्डचेही एक्स-रे काढतात हे मला तुमच्यामुळे कळलं. शोभाशी लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आलो, तेव्हा हात धुऊन होतात न होतात तोच तुम्ही एक फिल्म खिडकीच्या काचेवर धरलीत आणि विचारलंत, "सांगा बघू, तडा कुठे आहे?" मी बोट ठेवलं. तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलात, "कुसुम, माणूस ठीक आहे!"

एकच गोष्ट आपल्यात कधी मिटली नाही. मी जेवताना एक ग्लास वाइन घेतो. एकच, फार तर दीड. आणि तुम्ही पाचवं शील पाळायचात, म्हणजे मादक पदार्थाला स्पर्श नाही. मी म्हणायचो, शीलातला शब्द 'पमादट्ठान' आहे. प्रमाद होऊ नये, माणसाचं भान सुटू नये, हा त्याचा अर्थ. माझं भान एका ग्लासाने सुटत नाही. तुम्ही म्हणायचात, "शब्द नीट वाचा. ठान म्हणजे ठिकाण. ज्या ठिकाणी भान सुटतं त्या ठिकाणी जायचंच नाही." मी म्हणायचो, "मी फाटकापर्यंत जातो आणि परत येतो." तुम्ही म्हणायचात, "फाटकाची सवय झालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत." तीस वर्षं हा वाद चालला. मला तो आवडायचा. तुम्हालाही आवडत असावा, कारण विषय बहुतेक वेळा तुम्हीच काढायचात.

मग आमच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न आलं.

ते मी इथे टाळणार नाही, कारण ते टाळलं तर पुढचं काहीच सांगता येणार नाही. सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये आपल्या पद्धतीने लग्न झालं. टेबलावर पांढरं कापड, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. नवऱ्या मुलाने, टॉमने, बिचाऱ्याने सगळी पाली सूत्रं कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून आणली होती आणि ती न चुकता म्हटली. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये पार्टी होती. मी पाहुण्यांना गाड्यांपर्यंत पोचवत होतो. मधल्या वेळात हॉटेलच्या माणसांनी बारचा काउंटर ढकलत आणून थेट स्टेजला लावला. टेबल तिथेच होतं. फोटोच्या पुढ्यात बियरचे ग्लास रचले गेले. मी ते पाहिलंच नाही. प्रज्ञा माझ्याकडे आली आणि तिच्या त्या मराठीत म्हणाली, "बाबा, बाबासाहेबांचा फोटो कुठे गेली? मूर्ती पण नाही आहे."

शोधत शोधत मी कार पार्कमध्ये आलो. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर मूर्ती आणि फोटो तुमच्या शालीत गुंडाळून ठेवलेले होते, वरून सीट बेल्ट लावलेला. कुसुमताई पुढे बसल्या होत्या. तुम्ही बाहेर उभे होतात. मला सकाळपासून उपाशीपोटी चार ग्लास शॅम्पेन झाली होती. हे मी आज कबूल करतो, तेव्हा तुम्हाला दोन सांगितली होती.

मी म्हणालो, "लग्नाला आलात की इन्स्पेक्शनला?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "अनिल, ते तिथे ठेवणं बरोबर नव्हतं. कोणाला कळू नये म्हणून मागच्या दाराने आणलं."

तिथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं मुलीच्या लग्नात असं करायचं नसतं."

तुम्ही मागचं दार उघडून सीट बेल्ट सोडलात. शाल उचललीत, आत जाऊन रिसेप्शनवर ठेवलीत, तिथल्या मुलीला 'केअरफुल, प्लीज' म्हणालात आणि गाडी काढून बर्मिंगहॅमला निघून गेलात. न जेवता.

त्यानंतर सव्वा वर्ष आपण बोललो नाही. दिवाळीला नाही, तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नाही. बहिणी रोज तासभर फोनवर असायच्या आणि आपण दोघं दोन घरांत, बाजूच्या खोलीत, ऐकू येत नसल्यासारखे बसायचो.

ग्रीसच्या क्रीट बेटाची ट्रिप त्या दोघींनी ठरवली. शोभाने मला सांगितलं की ताई एकटीच येतेय. ताईंनी तुम्हाला सांगितलं की शोभा एकटीच येतेय. बर्मिंगहॅमच्या विमानतळावर चेक-इनच्या रांगेत आपण समोरासमोर आलो आणि तुम्ही म्हणालात, "अनिलराव, पासपोर्ट घेतलात ना?" अनिलराव. तीस वर्षांत तुम्ही मला 'राव' लावलं नव्हतं. पहिले तीन दिवस तुम्ही ते 'राव' आणि मी माझं 'हो, घेतलाय' यावरच काढले.

चौथ्या दिवशी शोभाने डोंगरातल्या एका वाइनरीची टूर बुक केली होती. छोटी, घरची. बाप, मुलगी, जावई एवढेच चालवणारे. नाश्त्याच्या टेबलावर प्रश्न निघाला की भाड्याची गाडी चालवणार कोण, कारण तिथे गेल्यावर मी पिणारच. तुम्ही टोस्टला लोणी लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी चालवतो. अनिलरावांना नीट पिऊ दे."

तो टोमणा होता की नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

काय तो प्रवास! आयुष्यभर डाव्या बाजूने गाडी चालवलेले तुम्ही, उजव्या बाजूचा रस्ता, एका बाजूला दरी. प्रत्येक राउंडअबाउटला कुसुमताई ओरडायच्या, "उजवीकडून, अहो उजवीकडून!" आणि तुम्ही म्हणायचात, "माहितेय." एका वळणावर पंधरा-वीस शेळ्या रस्त्यात बसलेल्या होत्या. तुम्ही हॉर्न न वाजवता इंजिन बंद केलंत आणि त्या उठेपर्यंत थांबलात. सात मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. उशीर होत असताना तुम्ही शांत बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

वाइनरीतल्या त्या मुलीचं नाव एलेनी. चाळिशीची, उन्हाने रापलेली, बोलकी. तिच्याबरोबर आपण दहा-बारा लोक होतो. तिने आधी मळा दाखवला. आपल्या नाशिककडच्या मांडवांसारखा नाही. गुडघ्याएवढी ठेंगणी, जाड बुंध्यांची झाडं, डोंगरउतारावर सुटी सुटी उभी. वारा फार असतो म्हणून वेल उंच वाढू देत नाही, ती म्हणाली. मग तळघरात नेलं. तिथे तिच्या आजोबांच्या काळातली माणसाएवढी मातीची रांजणं होती, लाकडी पिंपं होती, आणि पलीकडे एका रांगेत स्टीलच्या सहा टाक्या.

टाक्या बघून तुमचं जे झालं ते मी विसरणार नाही. बाकीचे रांजणांचे फोटो काढत होते. तुम्ही टाकीच्या जोडावरून तळवा फिरवत होतात, जसं कोणी गाईच्या पाठीवरून फिरवावा. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या टाकीजवळ तुम्ही थांबलात, वाकलात, खालच्या नळाच्या मुळाशी बोट लावलंत आणि बोट नाकाशी नेलंत. मग रुमालाला पुसून सगळ्यांबरोबर पुढे चालू लागलात. तुमचा चेहरा मला ओळखीचा होता. तडा सापडला की तुमची डावी भुवई जराशी वर जायची. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार, सगळ्यांसमोर. पण तुम्ही बोलला नाहीत.

वर तुतीच्या झाडाखाली लांब टेबल मांडलेलं होतं. प्रत्येकापुढे पाच ग्लास, चीज, ऑलिव्ह, कडक भाजलेला पाव. एलेनी ओतत ओतत आपल्यापर्यंत आली आणि तुम्ही ग्लासावर हात ठेवलात.

"आय ॲम बुद्धिस्ट," तुम्ही म्हणालात. "आय डोन्ट ड्रिंक." आणि मग अगदी संकोचाने, "बट कॅन आय स्मेल?"

ती हसली. म्हणाली, अर्धं काम नाकाचंच असतं, बाकीचं अर्धं जाहिरातीचं.

तुम्ही पहिला ग्लास उचललात. फिरवला नाहीत, ते तुम्हाला माहीत नव्हतं. दोन्ही हातांत धरून, चहाच्या कपासारखा, नाकाशी नेलात आणि डोळे मिटलेत. बराच वेळ. मग ग्लास माझ्यापुढे सरकवलात.

"अनिलराव, घ्या. कच्चा पेरू आहे यात. पेरूची साल."

मी प्यालो. पेरूची साल होती. अगदी शपथेवर सांगतो. तुम्ही सांगितलं नसतं तर मला त्यात फक्त पांढरी वाइन लागली असती.

दुसऱ्यात तुम्हाला लिंबाचं पान आणि पाटीवरची ओली पेन्सिल सापडली. तिसऱ्यात भिजत घातलेली चिंच. चौथ्याला तुम्ही म्हणालात, "हा जरा कंटाळवाणा आहे, नुसतं लाकूड." मी ते एलेनीला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "माझे वडील दहा वर्षं हेच सांगतायत! ही वाइन माझ्या नवऱ्याची आहे!" नवरा दोन टेबलं पलीकडे पाव कापत होता. त्याने सुरी वर करून निषेध नोंदवला.

माझे पाच आणि तुमचे पाच, असे ग्लास मी घेत होतो. शोभा डोळे मोठे करत होती. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

पाचवी गोड वाइन होती. द्राक्षं उन्हात वाळवून करतात ती. तिचा वास घेतलात आणि तुम्ही ग्लास खालीच ठेवेनात. मी म्हटलं, "काय आहे यात?"

"मोहाची फुलं," तुम्ही म्हणालात. "आमच्याकडे भंडाऱ्याला पहाटे फुलं पडायची, बाया वेचून आणून अंगणात वाळत घालायच्या. घरभर हाच वास. वाळल्यावर याहून गोड व्हायचा."

मला धीर आला. वाइनचाही असेल. मी म्हणालो, "प्रल्हादराव, एक विचारू? घरात कोणी फार पिणारं होतं का? वडील वगैरे? म्हणून तुम्ही इतके..."

तुम्ही माझ्याकडे आश्चर्याने बघितलंत. "वडील? वडिलांनी कधी थेंब घेतला नाही. कोणी नव्हतं पिणारं." मग ग्लासाकडे बघत म्हणालात, "मी एकदा घेतली होती. अठराव्या वर्षी, मामाच्या गावी, मोहाची. फार आवडली, अनिल. इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडायच्या आधी तिची आठवण आली. त्याच आठवड्यात विहारात जाऊन शील घेतलं. ज्याला आवडतच नाही त्याने न पिण्यात कसलं आलंय शील?"

तीस वर्षं मी तुमच्याशी वाद घातला आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, तुम्हाला त्यातलं सुख कळत नाही. तुम्हाला ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं.

आणि तुमच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, पण 'राव' गेलं होतं.

मी सांभाळून म्हणालो, "पण आज मग तुम्ही आलातच ना त्या ठिकाणी?"

"आलो. पण परत जायला गाडी घेऊन आलोय," तुम्ही म्हणालात, आणि सव्वा वर्षाने आपण दोघं हसलो. ताई आणि शोभा एकमेकींकडे बघत होत्या. बघू दे.

बाकीचे लोक बाटल्या विकत घ्यायला दुकानात गेले, तेव्हा तुम्ही उठलात आणि एलेनीला बाजूला बोलावलंत. "वन मिनिट, मॅडम." मी मागे आलो. चौथ्या टाकीच्या नळाच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढं भोक आहे, तुम्ही तिला सांगितलंत, वाइन झिरपते आणि वाळते, म्हणून तो चहासारखा डाग. आत्ता काही नाही, पण द्राक्षतोडणीच्या वेळी टाकी भरलीत तर अडचण होईल. तिने धावत जाऊन वडिलांना आणलं. स्टेलिओस तुमच्याच वयाचे, इंग्रजी येत नाही. टॉर्च घेऊन तुम्ही दोघं फरशीवर आडवे झालात. तुमची इस्त्रीची पँट! म्हातारा ग्रीकमध्ये बोलत होता, तुम्ही मराठीत. "इथून घासायचं, इथून नाही. आतून गुळगुळीत पाहिजे, आतून." तो मान हलवत होता. त्याला सगळं कळत होतं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. तुम्ही टूरमध्ये सगळ्यांसमोर गप्प का राहिलात ते मला तेव्हा कळलं. पाहुण्यांपुढे त्या घराची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि त्याबरोबरच ते दुसरंही कळलं. मागच्या दाराने, शालीत गुंडाळून, कोणाला कळू नये म्हणून. त्या संध्याकाळीही तुम्ही हेच केलं होतंत. माझ्या मुलीच्या लग्नात तमाशा झाला, तो मी केला होता.

मग त्यांनी आपल्याला जाऊच दिलं नाही. घरच्यांच्या टेबलावर जेवायला बसवलं. ताई शाकाहारी आहेत म्हटल्यावर स्टेलिओसच्या बायकोने भरलेल्या भोपळीमिरच्या आणल्या, आणि ताईंनी खुणांनीच त्यातल्या मसाल्याची चौकशी केली. मी तुमच्या शेजारी होतो. मी म्हणालो, "प्रल्हादराव, त्या दिवशी कार पार्कमध्ये मी जे बोललो..."

तुम्ही पावाची टोपली माझ्याकडे सरकवलीत. "घे. गरम आहे तोवर खा."

मी पाव घेतला. ते वाक्य तिथेच राहिलं.

त्यानंतर चार वर्षं आपली पुन्हा पूर्वीसारखी गेली. तुम्ही विषय काढायचात, मी पमादट्ठानचा अर्थ सांगायचो, तुम्ही तो खोडायचात. प्रज्ञाला मुलगा झाला तेव्हा तुम्ही पाळण्याचे सगळे स्क्रू तपासलेत आणि दोन बदललेत. मला वाटायचं, माफी मागायला वेळ आहे. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, आता गरजही नाही.

शेवटच्या वेळी हॉस्पिटलात भेटायला येताना मात्र मी ठरवून निघालो होतो. साउथहॅम्प्टनहून ट्रेनमध्ये बसल्यापासून वाक्य घोकत होतो. तुम्ही उशाला टेकून बसला होतात, नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघताच विचारलंत, "ट्रेन वेळेवर होती का?"

"बारा मिनिटं लेट."

"कुठे अडकली?"

"बेझिंगस्टोकला."

"तिथेच अडकते," तुम्ही समाधानाने म्हणालात. मग सिग्नलचं, मग मोटरवेचं, मग प्रज्ञाच्या मुलाला आलेल्या दातांचं बोलणं झालं. नर्स आली, वेळ संपली. मी तुमच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि निघालो. परतीच्या ट्रेनमध्ये मला माझा राग आला नाही. तुमच्याशी तासभर बेझिंगस्टोकबद्दल बोलता आलं, हे मला अजूनही पुष्कळ वाटतं.

पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं होतं. म्हणून तुमच्यासाठी विहारात ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तुमच्या स्वयंपाकघरात ते मी कुसुमताईंना सांगायला घेतलं. शोभा फुलं आणायला गेली होती. ताई खिरीसाठी बदाम सोलत बसल्या होत्या.

"ताई, एक बोलायचं होतं."

"कार पार्कचं का?" त्यांनी मान वर केली नाही.

मी खुर्ची ओढून बसलो.

"काच खाली होती, अनिल. मला सगळं ऐकू आलं. मग हे गाडीत बसले आणि मला म्हणाले, 'काही ऐकलंस का?' मी म्हटलं, 'नाही बाई, मी फोनवर बोलत होते.'" त्यांनी एक बदाम पाण्यात टाकला. "माझा फोन त्यांच्याच खिशात होता. त्यांनी तो काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, 'बरं.' ऑक्सफर्ड मागे पडल्यावर म्हणाले, 'अनिल दमलाय. मुलीचं लग्न म्हणजे काय खायचं काम आहे?'"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं.

"मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "वाटलं नाही असं नाही सांगणार. आठ-दहा दिवस वाटलं. मग प्रज्ञाचा फोन आला, 'मावशी, तू माझ्यावर रागावला आहेस का?' आता अशा मराठीवर कोण रागावणार? ती पोर आमच्याकडे दर सुट्टीत राहिलीय. मूल असतं तर, म्हणे! होतंच की."

मग त्यांनी बदाम बाजूला ठेवले, पदराला हात पुसले आणि दाराकडे एकदा बघून घेतलं. "आता तू सांगितलंस, तर मीही एक सांगते. त्या दिवशी तुम्ही सगळे टाकीखाली होतात ना, आणि शोभा दुकानात. माझ्यापुढचा पाचवा ग्लास तसाच होता. हे इतकं मोह-मोह करत होते, मला राहवेना. एक घोट घेतला."

"ताई!"

"दोन घेतले. परत येताना पेट्रोल पंपावर तू आणि शोभा पाणी आणायला उतरलात. यांनी नुसती मान वळवली, म्हणाले, 'पाचवा ना?' मी म्हटलं, 'कसला पाचवा?' म्हणाले, 'काही नाही. पर्समध्ये बडीशेप असेल तर तोंडात टाक, शोभाला कळेल.'" ताईंना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कुठलं होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "परत कधी एक शब्द नाही काढला. पुढच्या रविवारी विहारात मी सगळी शीलं म्हटली, पाचवंसुद्धा. तुटलं की परत घ्यायचं. म्हणून तर दर वेळी म्हणतात ना?"

शोभा फुलं घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं लाल डोळ्यांनी बदाम सोलत होतो. तिने फुलं पाण्यात ठेवली.

काल, रविवारी, विहार भरला होता. डेरेकही आला होता, चपला कुठे काढायच्या ते विचारत. तुमच्या फोटोला हार होता. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं, आम्ही सगळे मागून म्हणू लागलो. मग पंचशील. तुम्हाला एक गोष्ट नक्की माहीत होती, प्रल्हादराव, आणि तुम्ही तिच्याबद्दल मला कधीच विचारलं नाहीत. पहिली चार शीलं मी म्हणतो आणि पाचव्याला गप्प होतो. जे पाळणार नाही ते म्हणायचं कशाला, हा माझा प्रामाणिकपणा. तीस वर्षं तुम्ही माझ्या शेजारी उभे राहायचात, माझा आवाज थांबलेला ऐकायचात, आणि तुमचा आवाज जरासा वाढवायचात. आपल्या रांगेत खड्डा पडू नये म्हणून.

काल चौथं संपलं. माझ्या शेजारी मोकळी जागा होती. पलीकडून ताईंचा आवाज खणखणीत येत होता. मी तोंड उघडलं आणि पाचवं म्हटलं. पूर्ण, मोठ्याने. शोभाने मान वळवून बघितलं.

घरी येताना मोटरवेवर तिने विचारलं, "म्हणजे आता कायमचं?"

"आजचं," मी म्हणालो.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. पमादट्ठानबद्दल मला अजून तीन मुद्दे मांडायचे आहेत, आणि त्यातला दुसरा तुम्हाला खोडता येणार नाही. तुम्ही ऐकून घ्याल, भुवई वर कराल, आणि घसा खाकराल, एवढं मला पक्कं माहीत आहे. कालचं शील मी पाळलं. आज सोमवार आहे, शोभा भाजी चिरतेय, जेवायला अजून दोन तास आहेत, आणि आजचं मी अजून ठरवलेलं नाही.